टोपली कुणाच्या दारात

कडाव, ता. कर्जत
१० नोव्हेंबर २०२४

बाई,

तुमच्या कानांनी आता फोनशी कायमचं वैर धरलं आहे, असं तुमच्या मुलानं, अनुपमदादांनी सांगितलं. आणि तुमचा निरोपही दिला : "समीक्षाला म्हणावं, पत्र लिही. शाळेत तिचं अक्षर सुधारायला मी फार कष्ट घेतलेत." म्हणून हे पत्र. अक्षर तपासून घ्या.

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, आणि मी एम.ए.च्या प्रबंधाला बसले. तुम्हीच सुचवलेला विषय : सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या खेड्यातली माणसं आणि त्यांचा धर्म. घरात मी पहिलीच पदवीधर, त्यामुळे माझ्या अभ्यासाकडे सगळे गाईच्या बाळंतपणासारखं काळजीनं बघतात. आई म्हणाली, "आपलं सोडून त्या विंग्रजांचं कशाला गं?" बाबा म्हणाले, "असू दे की. आपल्याकडं यायच्या आदी काय करत व्हते ते तरी कळंल."

बाई, काय करत होते सांगू? जवाची आणि राय नावाच्या धान्याची काळी भाकरी खात होते. भाज्या-डाळीचा रटरट शिजवलेला रस्सा, उपासाच्या दिवसांत खारवलेले मासे. थंडीत एका बाजूला माणसं, एका बाजूला गाय, मध्ये जाळ. स्वतःच्या घरात चरबीचा धूरकट दिवा, पण देवळातल्या संतांपुढे मात्र मधाच्या पोळ्याचं शुद्ध मेण. एका बाईनं मरताना मधमाश्यांचं एक पोळं गावच्या चर्चला ठेवलं, मेरीमातेच्या मूर्तीपुढची मेणबत्ती कधी विझू नये म्हणून. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन उभी राहिले.

पण पुढचं वाचून राग आला. एकाच माणसाच्या हयातीत चार राजे-राण्या आणि चार वेळा धर्माचे नियम बदलले. हेन्रीनं पोपशी नातं तोडलं. एडवर्डच्या काळात मूर्ती फोडल्या, चित्रांच्या भिंतींना चुना फासला. मेरी राणी आली, मूर्ती परत. एलिझाबेथ आली, मूर्ती पुन्हा बाहेर. आणि गाव काय करतं? दर वेळी मान डोलावतं! ज्यांनी आपल्या श्रद्धेसाठी चितेवर उभं राहून मरण घेतलं त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. पण ही बाकीची माणसं? चर्चचे कारभारी तर बिशपला दर वर्षी अहवाल द्यायचे आणि लॅटिनमध्ये दोनच शब्द लिहायचे : सर्व ठीक. मूर्ती माळ्यावर लपवलेली, आणि अहवालात सर्व ठीक! मी प्रबंधात ह्यांना सरळ भित्रे म्हणणार आहे. चालेल ना?

जयवंता आत्या विचारते, बाई आता जेवतात काय? तिच्या वालाच्या बिरड्याची आठवण तुम्ही मागे काढली होती, ते ती विसरलेली नाही.

तुमची
समीक्षा


मोहोपाडा
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय समीक्षा,

अक्षर चांगलं आहे. घाई वाईट आहे.

मेलेल्या माणसांना भित्रं म्हणणं फार सोपं असतं, ती उलटून बोलत नाहीत. तू चर्चच्या कारभाऱ्याच्या जागी उभी राहून बघ. बिशपचा माणूस घोड्यावरून आला आहे. तुझ्या गावात मूर्ती कुणाच्या माळ्यावर आहे, मेणबत्ती अजून कोण लावतं, हे सगळं तुला ठाऊक आहे. ती माणसं तुझ्या शेजारी राहतात, त्यांच्याकडून तू नांगर मागून आणतेस. आता खरं सांगायचं की "सर्व ठीक" म्हणायचं? मी उत्तर देत नाही. तू विचार कर.

आणि एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटलेली दिसते : आशीर्वादाचा पाव. चर्चमधला मुख्य प्रसाद साधी माणसं वर्षातून एकदाच घ्यायची, ईस्टरला. पण दर रविवारी मोठी पूजा संपली की एक साधा पाव आशीर्वाद देऊन तोडायचे आणि आलेल्या प्रत्येकाला त्याचा तुकडा मिळायचा. तो पाव कोण द्यायचं? गावातली घरं, एकापाठोपाठ एक. ज्याची चूल त्याची पाळी. श्रीमंताची आली तशी विधवेचीही यायची. मला त्यांच्या सगळ्या धर्मकारणात ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

तुमच्या गावदेवीला असं काही असतं का गं? तुम्ही लोक सांगत नाही, मग आम्ही कर्जतच्या बाजारपेठेत वाढलेले पुस्तकांतून इंग्रजांचं शोधत बसतो.

इथे आमच्या कॉलनीत कारखान्याच्या सायरनवर जेवणं होतात. तो एक आवाज मात्र मला अजून ऐकू येतो. बिरड्याची वाट बघते आहे.

चारुलता


कडाव
३ डिसेंबर २०२४

बाई,

तुमचं पत्र वाचून अंगावर काटा आला. असतं! आमच्याकडे हुबेहूब तसंच असतं!

नवा तांदूळ घरात आला की होळीपर्यंत दर मंगळवारी गावदेवीला एका घरची भाकर जाते. नव्या तांदळाची भाकर, वालाचं बिरडं, गूळ. नैवेद्य दाखवला की भाकर तोडायची आणि जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर तुकडा. पाळी कुठे लिहिलेली नाही. एक बांबूची टोपली आहे. ज्या घरची भाकर झाली त्या घरची बाई संध्याकाळी टोपली पुढच्या घराच्या दारात ठेवते. टोपली जिच्या दारात तिची पाळी. ह्यात पुरुष लक्ष घालत नाहीत. मी जन्मापासून हे बघते आहे आणि मला ते "धर्माचा इतिहास" वाटलंच नव्हतं!

आणि आता मोठी बातमी. यंदा आत्याची पाळी आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, कुंभिवलीला हायवेच्या कडेला तिच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान होतं. तो गेल्यावर सासरच्यांनी तिला वाऱ्यावर सोडलं आणि ती माहेरी आली. इतकी वर्षं आमच्यातच जेवली. यंदा डेअरीला दूध घालून जमवलेल्या पैशांतून पडवीत तिनं स्वतःची चूल मांडली. शेजारची लडकूबाय येऊन चूल बघून गेली आणि जाता जाता म्हणाली, "चांगली झाली गं. टोपली ठेवायला उंबरा पन हाय." बस, इतकंच. पण आत्या तेव्हापासून पडवी सारखी सारवते आहे. आमच्या घरची पाळी झाली की आई टोपली तिच्या दारात ठेवणार. कुणाच्या तरी घरची म्हणून जगलेली बाई आता गावात एक घर म्हणून धरली जाणार, बाई!

पण संकट आलं आहे. देवीचं नवं देऊळ बांधून होत आलं आहे. मुंबईच्या एका शेठनी इथे फार्महाऊस घेतलं, त्यांची देणगी. संगमरवर, रोषणाई सगळं आहे. माझा चुलतभाऊ मनोज कमिटीचा अध्यक्ष. शेठचं म्हणणं, प्रसाद स्वच्छ, पाकीटबंद पेढ्यांचाच हवा, घरोघरचं शिजवलेलं नको. येत्या रविवारी सभा आहे. मनोज म्हणतो, "समी, भाकर-बिरडं आता कोन करतं गं? पाहुण्यांपुढं बरं दिसत नाय."

मी सभेत बोलणार आहे. तुमचा आशीर्वादाचा पाव घेऊनच उभी राहणार. मी मान डोलावणाऱ्यांतली नाही.

समीक्षा


मोहोपाडा
७ डिसेंबर २०२४

प्रिय समीक्षा,

तुझं पत्र आजच मिळालं. सभा उद्याच आहे आणि हे तुझ्या हातात वेळेत पडणार नाही, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लडकूबाय उंबऱ्याबद्दल बोलून गेली, पाळीबद्दल नाही. तुझी आई टोपली ठेवणार, पण ती ठेवणार असं कुणी कुणाला सांगितलेलं नाही. ह्या बायका इतक्या हळू का बोलतात ह्याचा बोलण्याआधी एकदा विचार कर. आत्याला विचार, तिला सभेत तिचं नाव हवं आहे का.

पाळीबद्दल जरूर बोल. आत्याबद्दल नको.

चारुलता


कडाव
११ डिसेंबर २०२४

बाई,

तुमचं पत्र आज आलं. सभा रविवारी झाली.

मी चांगली बोलले. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. इंग्लंडची खेडी सांगितली, पाव सांगितला. लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "पाव? मंग वडा पन ठेवायचा का देवीला?" मीही हसले. सगळे ऐकत होते. बाबांच्या चेहऱ्यावर जरा अभिमानही दिसला. लडकूबाय मान हलवत होती. तिथेच थांबायला हवं होतं.

पण मी म्हणाले, "आपली पाळी सगळ्यांना एक मानते. माझी जयवंता आत्या विधवा आहे, माहेरी राहते, तरी यंदा तिच्याही घरची भाकर देवीला जाणार आहे. ह्याहून मोठा धर्म कुठला?"

धाकलूबाबांनी काठी टेकली. त्यांच्या तोंडात दात नाहीत, पण गावात त्यांचा शब्द चालतो. "कोन? जयवंता? तिची पाळी कवापासून?"

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"नवरा गेलेल्या बाईची पाळी असती का? आनि माहेरच्या लेकीची? हे ठरवलं कोनी?"

लडकूबाय आपल्या पदराकडे बघत होती. आई माझ्याकडे बघत होती. मनोजनं हात वर केले. "बगा, म्हंजे पाळीतच घोळ हाय. उद्या भांडनं होतील. त्यापरीस पेढे बरे." आणि ठराव झाला : नव्या देवळात देवी बसली की पाळी बंद. तोवर ज्यांच्या पाळ्या होतील त्या होतील. हिशेब केला तर शेवटची पाळी आमच्या घरची. त्यापुढे काहीच नाही.

माझे बाबा वाटेत एवढंच म्हणाले, "कुनी इचारलंच नसतं गं."

आत्या गोठ्यात होती. तिला कळलंच होतं. मी पाया पडायला वाकले तर तिनं बाजूला सारलं. "उठ. शेन लागंल." मग धार काढता काढता म्हणाली, "तू बराबर बोललीस गं. पन मोठ्यानं बोललीस."

बाई, सगळ्या गावाला माहीत होतं. कदाचित धाकलूबाबांनाही. मी ते त्यांच्यासमोर असं मांडलं की त्यांना नाही म्हणावंच लागलं. मी बिशपला खरा अहवाल दिला.

मी धाकलूबाबांच्या घरी जाऊन माफी मागू का? पुन्हा सभा बोलवा म्हणू का? तुम्ही सांगाल ते करीन.

समीक्षा


मोहोपाडा
२४ डिसेंबर २०२४

प्रिय समीक्षा,

काही करू नकोस. माफी मागितलीस तर धाकलूबाबांना पुन्हा एकदा नाही म्हणावं लागेल.

तू तुझ्या प्रबंधाकडे वळ. आशीर्वादाच्या पावाचं पुढे काय झालं ते वाचलंस का? एडवर्डच्या काळात, १५४९ साली, नवं प्रार्थनापुस्तक आलं आणि पाव बंद झाला. ते सुधारणेचे लोक वाईट नव्हते बरं का. त्यांना वाटत होतं, जुन्या प्रथांच्या धुळीखाली खरा देव झाकला गेला आहे. तुझ्या मनोजला संगमरवराबद्दल वाटतं तसंच काहीसं. पण त्याच पुस्तकात एक छोटा नियम होता. ज्या घरची पावाची पाळी असेल त्या घरानं त्या रविवारी पावाऐवजी पावाची किंमत द्यायची आणि त्या घरातल्या एकानं धर्मगुरूबरोबर प्रसाद घ्यायचा. कळलं का? पाव गेला, पाळी राहिली. वरच्या लोकांनी वस्तू बदलली आणि क्रमाला हात लावला नाही.

तीन वर्षांनी तेही काढलं. पण मग मेरीचं राज्य आलं, गावोगाव पाव परत सुरू झाला, आणि मला नेहमी वाटतं, कुणाच्या घरापासून सुरू करायचं हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नसेल. बायकांना आठवत असणार.

तू ज्यांना मान डोलावणारे म्हणालीस ते हे लोक. त्यांनी राजाशी भांडण केलं नाही. आपलं जे होतं ते त्यांनी हाताला येईल त्या भांड्यात ठेवलं.

तुझ्या आईला माझा नमस्कार. आत्याला सांग, मी बिरड्यासाठी थांबले आहे, घाई नाही.

चारुलता


कडाव
२ मार्च २०२५

बाई,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडावं म्हणून थांबले होते.

तुमचं डिसेंबरचं पत्र मी आईला आणि आत्याला वाचून दाखवलं. दोघी वाल सोलत होत्या. पाव, पुस्तक, नियम, सगळं सांगितलं. आई म्हणाली, "बाईंची तब्येत बरी हाय ना?" बस. मला वाटलं, वाया गेलं.

आमची पाळी झाली. टोपली आमच्याच घरात खुंटीला टांगून राहिली. आत्या पडवी सारवायची थांबली होती. मी तिच्या समोरून जाताना उगाच पुस्तक उघडायची.

माघात देवी नव्या देवळात बसली. मनोजनं खरंच फार कष्ट घेतले. फरशी इतकी गुळगुळीत की म्हाताऱ्या भिंत धरून चालतात. पहिल्या मंगळवारी पेढ्यांची पाकिटं वाटली, प्रत्येकाला एक. लोक पाकीट खिशात घालून घरी गेले. कुणी थांबलं नाही, कारण थांबून खाण्यासारखं काही नव्हतं. आणि आरतीच्या वेळी कळलं की रोषणाई आहे, पण समईत तेल नाही.

"मनोज, तेल कोन आननार रं?" आईनं विचारलं. अगदी सहज.

"आना की तुमीच कोनीतरी, काकी."

पुढच्या मंगळवारी आईनं खुंटीवरची टोपली काढली, त्यात तेलाची बाटली आणि वाती ठेवल्या आणि देवळात नेली. आरती झाली. संध्याकाळी ती टोपली घेऊन अंगणातून चार पावलं चालली आणि पडवीच्या उंबऱ्यावर ठेवून आली. आत्या आत होती. मी विचारलं, "आई, हे बाईंच्या पत्रावरून सुचलं ना?" ती म्हणाली, "कुठलं पत्र? देवीला तेल नको?"

आता गेल्या मंगळवारचं सांगते.

आत्या टोपली घेऊन आली. तिनं नवं लुगडं नेसलं नव्हतं, रोजचंच, पण धुतलेलं. टोपलीत तेल, वाती, आणि त्याखाली फडक्यात काहीतरी. तिनं समईत तेल घातलं, वात सरळ केली. आरती झाली. मनोज पाकिटं वाटायला लागला. धाकलूबाबा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी पाकीट फाडायचा प्रयत्न केला, फाटेना. मनोजनं फाडून दिलं.

"हा पेढा टाळूला चिकाटतो रं, मनोज."

"पान्यासंगं घ्या, बाबा."

"देवीचा परसाद पान्यासंगं गिळू काय? गोळी हाय का ही?" बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, मग आत्याच्या मांडीजवळच्या टोपलीकडे. "त्यात काय हाय?"

आई म्हणाली, "तेल हाय, बाबा."

"तेलाला भाकरीचा वास येतो व्हय?"

कुणीतरी फिसकन हसलं. आत्यानं मनोजकडे पाहिलं. मनोज एकदम रोषणाईची वायर तपासायला वळला. मग तिनं फडकं सोडलं. नव्या तांदळाची भाकर, अजून मऊ, वर गूळ. तिनं तुकडा तोडला आणि बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो कपाळाला लावला, तोंडात घातला, आणि हिरड्यांनी बराच वेळ चावत राहिले. सगळे थांबले होते. पाकीट घेऊन घरी निघालेलेसुद्धा.

"कुनाची पाळी?" धाकलूबाबांनी विचारलं.

बाई, माझ्या घशात अख्खं भाषण आलं होतं. इंग्लंड, मेण, पाव, चूल, विधवेचं घर, सगळं. मी ओठ मिटून घेतले. आजवर शिकलेल्यातलं तेच मला सर्वांत अवघड गेलं.

लडकूबाय म्हणाली, "तेलाची ना? जयवंताची."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. मग पुन्हा हात पुढे केला.

"तेल चांगलं हाय," ते म्हणाले. "आनखी थोडं दे."

मग सगळ्यांनी हात पुढे केले. वायर तपासून झाल्यावर मनोजनंही. भाकर सगळ्यांना पुरली, प्रत्येकाला नखाएवढी. आणि लोक थांबले, बाई. फरशीवर बसून बोलत राहिले. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाची पोरगी परीक्षेला बसली. संध्याकाळी आत्यानं टोपली लडकूबायच्या दारात ठेवली. येताना तिच्या चालीत काय होतं ते मला लिहिता येत नाही. पडवीत येऊन तिनं चूल पेटवली आणि मला म्हणाली, "बस. आज माज्या घरात जेव." माझ्या घरात, म्हणाली.

प्रबंधात मी "भित्रे" हा शब्द खोडला आहे. जे चितेवर मेले त्यांचा आदर मला आजही वाटतो. पण ज्यांनी चुना फासलेल्या भिंतींच्या आत राहून नांगर चालवला, पोरं वाढवली, माळ्यावरच्या मूर्तीवरची धूळ पुसली आणि पाळी कुणाची हे लक्षात ठेवलं, त्यांच्यावर मी आता पूर्ण प्रकरण लिहिते आहे. ती मधमाश्यांची बाई त्यात पहिली येईल.

काल मनोज कागद-पेन घेऊन आला. शेठनी कमिटीकडे लेखी विचारलं आहे की मंदिरात फक्त पाकीटबंद प्रसादच दिला जातो ना, जुन्या प्रथा पूर्ण बंद आहेत ना. "समी, तू शिकलेली. तूच लिही गं नीट."

"काय लिहू?"

मनोज जमिनीकडे बघत म्हणाला, "तुला कळंल ते."

मी पेन हातात घेतलं. दारातून लडकूबायच्या उंबऱ्यावरची टोपली दिसत होती. मग वर तारीख घातली, शेठना नमस्कार लिहिला, आणि खाली चांगल्या, तुम्ही सुधारलेल्या अक्षरात दोनच शब्द लिहिले.

सर्व ठीक.

तुमची
समीक्षा

ता. क. : सोबत डब्यात आत्याच्या घरचं बिरडं आहे.